गवताला जीव नसतो

आमच्या गावात माणूस भेटला की पहिला प्रश्न, "जेवलीस का?" आणि दुसरा, "तुझं किती आलं?" किती म्हणजे भाताचं पीक नव्हे, रक्तातलं क्रिएटिनिन. ज्यांना स्वतःची सही येत नाही त्या म्हाताऱ्याही हा शब्द तोंडात विडा असताना अस्खलित म्हणतात. दवाखान्याच्या कार्डावर आजाराचं नाव असतं, 'कारण माहीत नसलेला मूत्रपिंडाचा आजार'. आम्हा माणसांची नावं मुळात लांबलचक, वाडवडिलांची अख्खी वरात पुढे लावलेली; पण या आजाराने आम्हालाही मागे टाकलं. आणि आमच्या नावांत निदान बापाचा पत्ता लागतो.

माझे सासरे उक्कुबंडा याच आजाराने गेले. आधी पाय सुजले, मग तळहात काळे पडले, मग भाताचं ताट समोर आलं की भिंतीकडे तोंड फिरवायला लागले. ते गेल्यावर सासूबाईंनी रस्त्याच्या वळणावर, चिंचेखाली, पाण्याचा माठ ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याने पाणी प्यावं आणि त्याचं पुण्य सासऱ्यांना पोचावं. चार खांब, वर झावळ्यांचं छप्पर, खाली लाल मातीचा मोठा माठ आणि प्यायला करवंटीची पळी. पळी साखळीने बांधलेली, कारण पुण्याच्या ठिकाणची पळीसुद्धा लोक घरी नेतात.

सासूबाईंचं नाव पोडिमेणिके. मी त्यांना नेंदम्मा म्हणते. आमच्याकडे आत्या आणि सासू यांना एकच शब्द आहे, त्यामुळे भांडताना नात्याचा घोटाळा होत नाही. अंगाने बारीक, आवाजाने नव्हे. रोज पहाटे त्या माठ घासायच्या, गाळणं बांधायच्या आणि आमच्या विहिरीचं पाणी भरायच्या. गावातल्या बाकी विहिरी मचूळ. त्यांच्या पाण्याचा चहा केला तर गूळ चावून प्यावा लागतो, नाहीतर घशाखाली उतरत नाही. किटलीच्या बुडाला चुन्यासारखा थर बसतो. आमच्या विहिरीचं पाणी मात्र गोड. अनुराधपूरहून येणारा बसवाला सरत तर वळणावर बस उभी करून उतरायचा, तीन पळ्या प्यायचा आणि ओरडायचा, "अम्मे, या पाण्यासाठी मी बायको सोडेन!"

"बायकोनं तुला कधीच सोडलंय," नेंदम्मा म्हणायच्या. "पी आणि चालता हो. तुझे प्रवासी उकडून निघालेत."

मग प्रवासीही उतरायचे. यात्रेकरू, मास्तर, लॉटरीची तिकिटं विकणारे, माहेरी निघालेल्या बाया. प्रत्येकाने पाणी पिऊन हात जोडले की नेंदम्मांच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा की जणू सासऱ्यांना कुठेतरी एक घास भरवला.

आता शेताचं सांगते. आमचं भाताचं शेत घराच्या वरच्या अंगाला, विहीर दोन्हींच्या मध्ये, आणि तळ्याचा बांध पलीकडे. आमच्याकडे फवारायच्या औषधाला तेल म्हणतात. एक किड्यांचं तेल, एक गवताचं. नेंदम्मा दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात आठ शीलं घेऊन बसणाऱ्या. पहिलंच शील, जीव घ्यायचा नाही. त्यामुळे आमच्या घरात किड्यांचं तेल कधी आलं नाही. शेजारचा गुणे मामा पोत्याने आणायचा, तर नेंदम्मा त्याला दिसेल तिथे म्हणायच्या, "गुणे, पुढच्या जन्मी तू तुडतुडा होशील, आणि तुझ्यावर तुझाच मुलगा पंप मारेल."

"तोपर्यंत पीक तरी हाताशी येऊ दे, अक्के," गुणे मामा म्हणायचा. "तुडतुडा झालो की तुझ्याच शेतात येईन. तिथे कोणी मारत नाही."

गवताचं तेल मात्र चालायचं. मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांना विचारलं होतं, "गवत मेलेलं चालतं का, नेंदम्मा?"

"गवताला जीव नसतो," त्या म्हणाल्या. "गवताला डोळे आहेत का? मारायला गेलं तर पळतं का? आई म्हणून ओरडतं का?"

झालं. तिलकसिरीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेवढी परवानगी पुरली. किड्यांचं तेल नाही म्हणून पिकात जी तूट यायची ती तो गवताच्या तेलाने भरून काढायचा. पेरणीआधी फवारायचा, पेरणीनंतर फवारायचा. बांधावर, वाटेवर, अंगणात. पूर्वी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही बायका विहाराच्या आवारात बसून हाताने गवत उपटायचो. अर्धं गवत, अर्धी दुसऱ्यांच्या सुनांची निंदा, दोन्ही मुळासकट. मग नेंदम्मांनी मुलाची सेवा विहाराला देऊ केली. तो पाठीवर पंप अडकवून यायचा, अर्ध्या सकाळीत आवार पिवळं करून जायचा. भंतेही खूश. वाळू कशी आरशासारखी. पुण्य तिलकसिरीला, आणि आम्हा बायकांना घरी बसून निंदेला पाहुणी शोधावी लागायची.

पंप धुवायचा कुठे, हा प्रश्न नेंदम्मांनीच सोडवला. बाकी सगळे तळ्यात धुतात, नाहीतर पाटात. तिलकसिरीही तिथेच धुवायचा. एकदा त्यांनी तेलाचा डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. त्यांना वाचता येत नाही, पण चित्रं पाहता येतात. डब्यावर हातमोजे घातलेला माणूस होता, कवटी होती, आणि एका चौकोनात उताणा पडलेला मासा.

"हे बघ," त्यांनी मुलाला बोलावलं. "यात मासा मेलाय. तू हे तळ्यात धुतोस? माझ्या पोटचा पोरगा तळ्यातले जीव मारतो, आणि मी पौर्णिमेला कुठल्या तोंडाने शील घेऊ?"

"अम्मे, सगळेच धुतात."

"सगळे नरकात जातील तेव्हा तूही बस धरून मागे जा. माझ्या घरात राहायचं तर पंप तळ्यात धुवायचा नाही, पाटातही नाही. पाटात बेडूक असतात. विहिरीवरच्या फरशीवर धू. तिथे पाणीही आहे हाताशी, आणि तिथे मरायला कोणी नाही."

आमची विहीर जुनी, कठडा गुडघाभर. भोवती दगडी फरशी, तिच्यावर उभं राहून आम्ही आंघोळ करतो, कपडे धुतो. फरशीला भेगा होत्या. त्या भेगांत मी आले तेव्हा ब्राह्मी उगवायची, गोल पानांची, ओली, गच्च. नेंदम्मा आंघोळ करून येताना ओंजळभर खुडून आणायच्या आणि खोबरं, मिरची, लिंबू घालून तिची चटणी करायच्या. पंप तिथे धुवायला लागल्यावर ब्राह्मी गेली. शेवाळही गेलं. फरशी अशी पांढरी झाली की नेंदम्मा पाहुण्यांना मुद्दाम दाखवायच्या. "बघा, विहीर असावी तर अशी. पाय घसरत नाही."

मग वर्षं गेली. आमची मुलगी त्या पाण्यावर वाढली आणि कोलंबोकडे शिवणकारखान्यात गेली. माठ रोज भरला गेला. मग एकदा गावात रक्ताची तपासणी झाली आणि तिलकसिरीचं जास्त आलं. फार नाही. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. उक्कुबंडांच्या वेळीही कोणीतरी हेच म्हटलं होतं.

त्यानंतर पाणी तपासायला एक मुलगी आली. नदीशा तिचं नाव, सगळे मिस म्हणायचे. ती गावातल्या प्रत्येक विहिरीवर जाऊन बाटल्या भरून घेऊन गेली. आमच्या विहिरीवर आली तेव्हा नेंदम्मांनी तिला आधी एक पेला भरून दिला.

"पी, मिस. बाटलीत भरून काय कळणार? पाणी जिभेने तपासतात."

मुलीने पेला हातात घेतला, पण प्यायली नाही. ती फरशीकडे बघत होती. "अम्मा, या फरशीवर शेवाळ का नाही?"

"मी ठेवते ना स्वच्छ," नेंदम्मा म्हणाल्या.

"सगळ्या विहिरींवर शेवाळ आहे. भेगांतून काहीतरी उगवलेलं आहे. इथे काहीच नाही."

"गावातल्या बाया आळशी आहेत, मिस. आता मी काय सांगू?"

मुलगी हसली नाही. तिने बाटल्या भरल्या, फरशीच्या भेगेतली चिमूटभर मातीही घेतली आणि गेली. पेला कठड्यावर तसाच राहिला. नेंदम्मांना त्याचाच राग आला. "शिकलेल्या पोरी! दिलेलं पाणी ठेवून जातात."

काही दिवसांनी ती परत आली, या वेळी हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. तिने तिलकसिरीला विचारलं, "पंप कुठे धुता?" आणि त्याने तिला फरशी दाखवली. तो खोटं बोलत नाही, हा त्याचा एक अडचणीचा गुण आहे.

"इथे? विहिरीवर?"

"तळ्यात मासे मरतात," तो म्हणाला.

मुलीने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "कोणी सांगितलं तुम्हाला इथे धुवायला?"

तिलकसिरीने आईकडे पाहिलं नाही. तो विहिरीत बघत राहिला. नेंदम्मा स्वतःच पुढे आल्या. "मी सांगितलं. डब्यावर चित्र आहे, मिस. माशाचं. विहिरीचं चित्र कुठे होतं?"

मला त्या वेळी त्या मुलीची दया आली. तिला आजवर कोणी असा प्रश्न विचारला नसेल, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. ती म्हणाली, "अम्मा, पाण्यात तेल आहे. गवताचं. या पाण्यानेच आजार होतो असं मी म्हणत नाही. तज्ज्ञांचंही अजून एकमत नाही. कोणी क्षार म्हणतं, कोणी ऊन, कोणी तेल, कोणी सगळं मिळून. पण हे पाणी प्यायचं नाही."

"गोड आहे," नेंदम्मा म्हणाल्या.

"गोड आहे कारण क्षार कमी आहेत. जे आहे त्याला चव नाही."

आणि तिने कठड्यावर लाल फुली मारली. फुलीचा एक पाय वाकडा झाला. तो अजून तसाच आहे.

आता माठाचं काय, हा प्रश्न होता. आमच्या दोघांपुरतं मी गावाच्या संस्थेच्या यंत्रावरून गाळलेलं पाणी कॅनमधून आणायला लागले. त्या पाण्याला कसलीच चव नाही, उकळून वाळवलेल्या पावसासारखं लागतं. नेंदम्मा मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्या, माठ घासला, आणि विहिरीवर निघाल्या. मी कळशी धरली.

"नेंदम्मा, माठ बंद करा."

"कळशी सोड."

"लोक पितात ते. मिस काय म्हणाली, ऐकलंत ना?"

"ती मिस काल आली. मी इथे जन्माला आले. हे पाणी पिऊन मी सत्तरी ओलांडली. मला काय झालं?"

"मामंजींना झालं. तुमच्या मुलाला झालंय."

त्यांनी कळशी हिसकली. त्या बारीक हातांत एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. "तुला काय कळतं? तुझा सासरा एवढी वर्षं या पाण्याच्या बळावर पुढे पुढे गेलाय. रोज एक पाऊल. आता मी म्हणू, ते पाणी विष होतं? मग त्याच्या पदरात मी काय टाकत होते रोज? मधेच कुठेतरी अडकेल तो. खाली पडेल. तू येशील त्याला धरायला?"

माझे सासरे कुठे पोचलेत हे मला माहीत नाही. पण नवरा कुठे पोचतोय ते मला दर महिन्याला कागदावर दिसत होतं. मी दोनदा माठ उपडा केला. त्यांनी दोन्ही वेळा भरला, आणि दुसऱ्या वेळी माझ्याशी बोलणं टाकलं. गुणे मामा वळणावर मुद्दाम थांबून पळीभर प्यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "अक्के, मरायचंच आहे तर चवीनं मरू. ते कॅनचं पाणी पिऊन जगण्यात तरी काय मजा!"

सरतही थांबायचा. फुली घराच्या मागे विहिरीवर होती, चिंचेखाली नव्हती.

पुढच्या तपासणीच्या दिवशी तिलकसिरीबरोबर मी जाणार होते, पण माझा पाय मुरगळला होता. नेंदम्मा म्हणाल्या, मी जाते. त्या याआधी कधी त्या दवाखान्यात गेल्या नव्हत्या. सासऱ्यांच्या वेळी असा दवाखानाच नव्हता. शेवटी मला राहवेना, मीही लंगडत बसमध्ये चढले. म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिथे लांब ओसरी आहे, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. सगळे आमच्यासारखेच, पिवळट, हातात कार्ड, पायांत रबरी चपला, सुजेमुळे टाचा बाहेर आलेल्या. नेंदम्मा पांढरं लुगडं सावरत मध्यावर बसल्या. समोरच्या रांगेतला एक माणूस वळून वळून बघायला लागला. काखेत तिकिटांची पेटी, लॉटरीवाला. मग तो उठला, त्यांच्यासमोर आला आणि त्याने हात जोडले.

"अम्मे, ओळखलंत का? चिंचेचा माठ! उन्हात सायकल मारत यायचो. तुमचं पाणी नसतं तर वाटेतच पडलो असतो."

नेंदम्मा हसल्या. खरंच हसल्या. बऱ्याच दिवसांत त्यांना कोणी असं काही म्हटलं नव्हतं. "अरे, तू! दाढी काढलीस. मग, तू इथे कसा?"

"इथे म्हणजे?" त्याने कार्ड दाखवलं. "तीन वर्षं झाली. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर."

तेवढ्यात पलीकडून एक बाई म्हणाली, "कोण, माठाच्या अम्मा? अगं बाई! मी शाळेत शिकवायला यायचे ना, मधल्या सुट्टीत पोरांना घेऊन तुमच्याच माठावर यायचे. किती गोड पाणी!" तिने शेजारणीला सांगितलं. शेजारणीचा नवराही ते पाणी प्यायलेला होता. मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, तसलं पाणी तो पुन्हा कुठे प्यायला नाही. त्या ओसरीत जणू ओळखीची लाट आली. सगळे वळून बघत होते, हसत होते, हात जोडत होते. लॉटरीवाल्याने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "खूप पुण्य लागेल तुम्हाला, अम्मे."

मी नेंदम्मांकडे पाहिलं. त्यांचं हसू गेलं नव्हतं. ते चेहऱ्यावर विसरून राहिलं होतं, वाळत घातलेला कपडा पावसात विसरावा तसं. त्या एकेक चेहरा बघत होत्या. ओठ हलत होते. मला आधी वाटलं गाथा म्हणतायत. नंतर लक्षात आलं, त्या मनाशी आठवत होत्या, कोण, कधी, किती पळ्या.

त्या लोकांतले कितीजण मचूळ विहिरींच्या गावांतले असतील, त्यांच्या घरी आणखी काय काय असेल, हे मी त्यांना नंतर सांगून पाहिलं. एका माठाने एवढी माणसं आजारी पडत नाहीत, नेंदम्मा. त्या म्हणाल्या, "मग कितीजण पडतात? तू सांग आकडा."

बसमध्ये त्या तिलकसिरीशेजारी बसल्या. त्याचा सुजलेला हात त्यांनी मांडीवर घेतला आणि गावापर्यंत सोडला नाही. तो संकोचला. पन्नाशीच्या घरातला माणूस, आई हात धरून बसलीय. वळणावर सरतने बस थांबवली. "पाणी पिऊन घेऊ, अम्मे?" त्या खिडकीतून बघत राहिल्या. सरत उतरला, प्यायला, तोंड पुसत परत चढला. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं असं नंतर त्या मला किती वेळा म्हणाल्या.

त्या आठवड्यातच सासऱ्यांचं वर्षदान होतं. दरवर्षी विहारातले भंते घरी येतात, जेवतात, आणि मग पुण्य मृताला अर्पण करायचं. त्यासाठी एक झारी आणि ताटलीत ठेवलेला एक पेला असतो. भंते मंत्र म्हणतात आणि घरचे सगळे मिळून झारी धरून पेल्यात पाणी ओततात. पेला भरतो, वाहतो, ताटलीत सांडतं, तरी ओतत राहायचं. भरलेल्या नद्या जशा समुद्रापर्यंत जातात तसं दिलेलं दान गेलेल्यापर्यंत जातं, असा त्या मंत्राचा अर्थ.

मी फणसाची भाजी केली, सुक्या माशाचं कालवण केलं, खिरीसारखा दुधातला भात केला. झारीत कॅनचं पाणी भरून ठेवलं. नेंदम्मा आल्या, झारीचा वास घेतला, तिला काही वास नव्हता. त्यांनी ते पाणी अंगणात ओतलं.

"हे काय?"

"विहिरीचं आणते."

"नेंदम्मा, आता तरी..."

"हे कोणी पिणार नाहीये. मी जे दिलं तेच त्याला पोचू दे. गाळलेलं पाणी मी कधी दिलंच नाही. देवाघरी मी काय सांगू, की मी दुकानातलं आणून वाटत होते?"

जेवणं झाली. भंते आसनावर बसले, गावातली चार माणसं चटईवर, गुणे मामाही. मंत्र सुरू करायच्या आधी नेंदम्मांनी हात जोडले. "भंते, एक विचारायचंय."

"विचारा, उपासिके."

"माझ्या विहिरीत तेल निघालं. ते मीच तिथे धुवायला सांगितलं. ते पाणी मी रोज लोकांना पाजलं, आणि पुण्य यांना पाठवलं. ते पुण्य की पाप?"

भंते वयस्क आहेत, मऊ बोलतात. "मनातला हेतू हेच कर्म," ते म्हणाले. "तुमच्या मनात तहानलेल्याला पाणी द्यायचं होतं. ते शुद्ध होतं. पुण्य पुण्यच राहिलं."

मला वाटलं, झालं, सुटल्या. गुणे मामाने तर मान डोलावली. पण नेंदम्मा उठल्या नाहीत.

"भंते, मग तेल विकणाऱ्याच्याही मनात वाईट नव्हतं. त्याला वाटलं, शेतकऱ्याचं गवत मरावं. तेल करणाऱ्याला वाटलं, पीक यावं. माझ्या पोराला वाटलं, आईचं ऐकावं. मला वाटलं, मासे वाचावेत. तुम्हाला वाटलं, विहाराचं आवार स्वच्छ दिसावं. सगळ्यांचीच मनं धुतल्यासारखी. मग एवढी माणसं गेली, ती कोणाच्या मनात होती?"

भंतेंनी हातातला पंखा उचलून चेहऱ्यासमोर धरला. मंत्र म्हणताना धरतात तसा. मंत्र अजून सुरू झालेला नव्हता.

नंतर तो सुरू झाला. नेंदम्मांनी झारी उचलली. रीत अशी की घरच्या सगळ्यांनी हात लावायचा. मी क्षणभर थांबले. तिलकसिरीने मात्र लगेच हात पुढे केला, आईच्या हाताखाली, सुजलेला, काळवंडायला लागलेला. मग मीही लावला. पाणी पेल्यात पडायला लागलं. पेला भरला, काठावरून सांडलं, ताटलीही भरली, चटई भिजली. मंत्र संपला तरी नेंदम्मा ओतत होत्या. भंते उठले, आम्ही वाकलो, आणि नेंदम्मा रिकाम्या झारीतून शेवटचे थेंब पडायची वाट बघत बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली माठ उपडा होता. त्यांनी स्वतः केला. पळीची साखळी सोडून घरी आणली.

मला वाटलं, आता त्या घरात बसतील. पण त्या बसच्या वेळेला वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. सरतने बस थांबवली, उडी मारून उतरला आणि माठ बघून म्हणाला, "अम्मे, पाणी?"

"नाही."

"संपलं? कधी भरणार?"

"सरत, तुझं किती आलं?"

"काय किती आलं?"

"रक्त. तपासलंस का?"

सरत हसला. "मला काय झालंय? बैलासारखा आहे."

"तपासून घे. बुधवारी दवाखाना असतो. आणि तुझ्या बसमधून कोण कोण माठावर प्यायचे ते आठव. त्यांनाही सांग."

तो हसतच बसमध्ये चढला. खिडकीतून कोणीतरी विचारलं, म्हातारीला काय झालं? त्याने कानाजवळ बोट फिरवलं.

तेव्हापासून त्या रोज जातात. पाण्यासाठी थांबणाऱ्याला त्या पाणी देत नाहीत. विचारतात, तपासलंस का. यात्रेकरू चिडतात. पुण्याच्या जागी उभी राहून अपशकुन बोलते म्हणतात. एका बाईने तर थुंकून रस्ता ओलांडला. कोलंबोच्या आमच्या मुलीला, रक्त तपासून घे म्हणून, फोन करायला त्यांनी मला लावलं. मुलगी म्हणाली, सुट्टी मिळत नाही. नेंदम्मा म्हणाल्या, रोज फोन कर. मी रोज करते.

विहाराचं आवार आता गुणे मामाचा मुलगा फवारतो. पंप तो तळ्यात धुतो. मासे उताणे वर येतात, आणि गावातले लोक टोपल्या घेऊन गोळा करायला जातात. फुकटचे मासे.

परवा नेंदम्मा विहिरीवरून हाक मारायला लागल्या. मी धावत गेले. फरशीच्या एका भेगेत ब्राह्मीचं पान आलं होतं, एकच, नखाएवढं. त्या वाकून बघत होत्या. मी म्हटलं, "बघा, परत आली."

त्यांनी ते पान मुळासकट उपटलं आणि दूर फेकलं.

"कोणी खुडून खाईल," त्या म्हणाल्या, आणि बसची वेळ झाली म्हणून वळणाकडे निघाल्या.